पाहुणे असतानाच सोडलेले अकरा तंबू

अर्जदार : माझे थोरले साडू, वय वर्षे अडुसष्ट, पूर्वीचा धंदा बिछायत केंद्र, म्हणजे लग्नाकार्याला मंडप, कनाती, सतरंज्या व गाद्या भाड्याने पुरविणे, राहणार नांदुरा.
सामनेवाले : रोहिणखेडच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका फॅमिली कॅम्पचे तरुण मालक.
घटनेची वेळ : गेल्या नाताळच्या सुटीतील रविवार, सूर्योदय.
साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी, म्हणजे माझी मेहुणी, दोन, माझी पत्नी, तीन, कॅम्पवरील आचारी, मूळ गाव जानेफळ, चार, अकोल्याचे एक निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांची साक्ष, घटनेच्या वेळी त्यांना झोप लागलेली असल्यामुळे, अर्धीच धरावी.
विषय : सामनेवाल्यांनी अर्जदारास कॅम्पवर कायमची प्रवेशबंदी केली असून, अर्जदाराची एकुलती मुलगी वर्षातून एकदाच, तीन दिवस, त्याच कॅम्पवर येते.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. मोताळ्याला तहसील कचेरीसमोर बसून अर्ज लिहिण्यात माझे आयुष्य गेले आहे आणि नाव एकदा कागदावर चढले की माणूस खाली उतरतो, हा माझा अनुभव आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या हातच्या अर्जावर ‘मजकूर समजत नाही’ असा शेरा आजवर एकाही साहेबाने मारलेला नाही. सामनेवाल्यांनी आमच्याकडून एक पान लेखी मागितले होते. ते एक पान लिहिण्यासाठी मला साडूंविषयी जेवढा विचार करावा लागला, तो एका पानात मावणारा नव्हता. सबब हे वेगळे लिहीत आहे.

पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या माणसाने उभ्या केलेल्या एकाही मंडपावर माझ्या साडूंचा विश्वास नाही. लग्नाला गेले की इतर पाहुणे नवरदेवाकडे जातात, हे कोपऱ्यातल्या बल्लीकडे, म्हणजे मंडपाच्या खांबाकडे जातात. ती दोन्ही हातांनी हलवतात, खाली वाकून खुंटी बघतात, दोराला बोटाने टिचकी मारून तिचा आवाज ऐकतात आणि मग, जागा राहिली असल्यास, यजमानांना नमस्कार करतात. माझ्या मुलाच्या लग्नात मंगलाष्टके चालू असताना त्यांच्या डाव्या मुठीत अक्षता होत्या आणि उजव्या हाताने ते मागच्या कनातीची गाठ बदलत होते. शेवटच्या ‘सावधान’ला त्यांनी अक्षता टाकल्या त्या कनातीवर. मी नंतर नाराजी दर्शविली, तेव्हा ते म्हणाले, “साडभाऊ, अक्षता चुकल्या तं लगन लागतेच. गाठ चुकली तं मंडप नवरदेवाच्या डोक्यावर येते.”

जिल्हा त्यांना मातीने पाठ आहे. कोणत्याही गावाचे नाव काढा, ते तेथली माणसे सांगणार नाहीत, खुंटी कशी जाते ते सांगतील. नांदुऱ्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खुंटी धरत नाही, म्हणून तिथे खुंटीला दगडाचा आधार द्यावा. घाटावर चार बोटांखाली खडक लागतो, तिथे खुंटीऐवजी वाळूची पोती. आमच्या नात्यातील एका मुलीला जानेफळचे स्थळ आले, तेव्हा बैठकीत मुलाचे शिक्षण, शेती, पाणी वगैरे चौकशा चालू होत्या. साडू कोपऱ्यातून म्हणाले, “जानेफळ? मुरूम हाय तिथं. खुंटी आत जाते पन बाहीर निघत नाई. पोरगी द्याले चांगलं गाव.” स्थळ पक्के झाले आणि मुलगी सुखात आहे, हे मी येथे नोंदवून ठेवतो.

तथापि त्यांचा खरा अभिमान मंडप बांधण्याचा नाही, सोडण्याचा आहे. लग्नतिथी दाट असते. एका गावचे वऱ्हाड पांगते ना पांगते, एवढ्यात तोच शामियाना दुसऱ्या गावी उभा राहायला लागतो. त्यामुळे या धंद्यात उजाडता डोळ्यासमोर रिकामा मंडप दिसला की कोणी सांगण्याची वाट पाहायची नसते. हात लावायचा असतो. प्रथम कनाती, मग दोर, मग छत, सर्वांत शेवटी बल्ल्या, आणि ज्याचे सामान त्याच्या सतरंजीवर, चमचासुद्धा न चुकता व मागे झोपून राहिलेल्या एखाद्या पाहुण्याला न उठविता. “बांधनारे गल्लोगल्ली हायेत,” असे ते म्हणतात, “सोडनारा एखांदाच असते.” ते गाठही अशी मारतात की वाऱ्याने सुटणार नाही, मात्र एका विशिष्ट टोकाला ओढले की आपणहून उलगडेल. ते टोक कोणते, हे त्यांनी मला तीन वेळा दाखवले आहे. मला ते अजून सापडत नाही.

पुढे लग्ने लॉनवर आणि मंगल कार्यालयात गेली. साडूंनी भांडी विकली, गाद्या विकल्या, खुर्च्या विकल्या. शामियाना विकला नाही. तो त्यांच्या घराच्या मागल्या खोलीत कनाती-बल्ल्यांसह छताला टेकून पडलेला आहे. दोन खोल्यांच्या घरातली एक अशी गेली. मुलगी चिंचवडला दिलेली आहे. जावईबापू भले गृहस्थ, परंतु कनातीची धूळ नाकात गेली की त्यांना लागोपाठ शिंका येतात आणि रात्रभर थांबत नाहीत. मेहुणी अनेकदा म्हणाली, “विकून टाका न ते चिंध्या. पोरगी येईन तं टाकू कुठं तिले, बल्लीवर?” साडू ‘हाव’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कनाती उन्हात घालून पुन्हा आत ठेवायचे. शेवटी जावईबापूंनीच तोड काढली. नाताळच्या सुटीत त्यांनी घाटाखालच्या त्या फॅमिली कॅम्पवर तीन दिवसांची सोय केली आणि सासू-सासऱ्यांसह आम्हा उभयतांनाही बोलावले. आयुष्यभर लोकांना मंडपात झोपवलेला माणूस प्रथमच पाहुणा म्हणून तंबूत झोपणार होता.

अशा कॅम्पवर मुक्काम करण्याचे फायदे व तोटे मी निःपक्षपातीपणे सांगतो. फायदे असे : मोकळी हवा मिळते. मुलांना पळायला जागा असते. बायकांच्या हातात पोळपाट येत नाही, माझी मेहुणी पहिल्या जेवणाला पंगतीत बसून उगाच इकडेतिकडे बघत होती आणि माझ्या पत्नीला म्हणाली, “कोनी वाढून राह्यलं अन् मी खाऊन राह्यली, असं माह्या लग्नानंतर आताच होऊन राह्यलं.” तोटे असे : संडास लांब असतो आणि वयानुसार तो आणखी लांब होत जातो. तंबूला दार नसते, चेन असते, आणि ती नेमकी घाईच्या वेळी अडकते. कापडाच्या भिंतीतून शेजारच्या कुटुंबाचे घोरणे, भांडणे व समेट ही तिन्ही ऐकू येतात. संध्याकाळी शेकोटीभोवती सर्वांना टाळ्या वाजवायला लावतात. भाजलेले पनीर काडीला टोचून देतात. आमच्या भागात पाहुण्याला काडीने खाऊ घालण्याची पद्धत नाही. तरी आचारी आपल्याकडचा निघाला आणि दुसऱ्या जेवणाला त्याने गुपचूप ठेचा-भाकरी पुरविली, सबब ही तक्रार मी मागे घेतो.

साडूंचे मत वेगळे होते. मालकांनी स्वागताचे सरबत पुढे केले तेव्हा हे पहिल्या तंबूपाशी उकिडवे बसलेले होते. तेथूनच त्यांनी विचारले, “काऊन बे, हे खुंटी कोनं ठोकली?”

मालक म्हणाले, “आमच्या मुलांनीच ठोकल्या, काका. का हो?”

“सरळ ठोकली हाय. खुंटीनं मंडपाले पाठ दाखवाव लागते, रुसलेल्या बाईसारखी. मंग ते सोडत नाई.”

“काका, तुम्ही आता आराम करा. सरबत घ्या.”

“घेतो न. पन हे बारा खुंट्या झाल्यावर.”

मुलीने येऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीवर बसवले. “बाबा, तीन दिवस तुम्ही पाहुणे आहात. काहीही करायचं नाही,” असे ती म्हणाली. साडू खुर्चीवर बसले. परंतु पाहुण्याने हात कुठे ठेवायचे असतात, हे त्यांना माहीत नव्हते. ते कधी मांडीवर, कधी खुर्चीखाली, कधी पाठीमागे असे फिरत राहिले. दुसऱ्या संध्याकाळी अभिप्रायाची वही आली तेव्हा त्यांनी मला सांगून लिहविले : “जागा चांगली. जेवन चांगलं. मानसं चांगली. तंबू उभे हायेत, कशाच्या भरोशावर ते समजलं नाई.” मी शेवटचे वाक्य सौम्य शब्दांत बसविण्याचा प्रयत्न केला. त्यांनी ते वाचून घेतले आणि मूळ मजकूर कायम ठेवावयास लावला.

आता घटना. रविवारी उजाडण्याच्या सुमारास मालक सर्व पाहुण्यांना सूर्योदय दाखविण्यासाठी मागच्या टेकडीवर घेऊन गेले. मुलीने साडूंना तंबूबाहेरून हाक मारली, “बाबा, चला ना. वरच्या खडकावर आपण दोघं बसू.” आतून आवाज आला, “तू हो पुढं. मी आलोच.” आम्ही सर्व वर गेलो. टेकडीवर मुलीने एका सपाट खडकावर बसून शेजारी आपली ओढणी पसरून ठेवली होती आणि दुसरे कोणी तेथे बसू लागले की ती सांगत होती, “इथे बाबा येत आहेत.” सूर्य उगवला. लोकांनी त्याचे फोटो काढले. सूर्य बराच वर आला तरी साडू आले नाहीत.

खाली काय घडले ते आचाऱ्याच्या साक्षीवरून सांगतो. साडू तंबूतून बाहेर आले. समोर तांबूस उजेडात अकरा तंबू उभे, माणूस कोणी नाही, विझलेली शेकोटी, एका खुर्चीवर कोणाची तरी विसरलेली शाल. त्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि पहिल्या दोराला हात घातला. आचारी लग्नसराईत मंडपवाल्यांबरोबर हिंडणारा माणूस. तो मला म्हणाला, “भाऊसाहेब, त्याइचे हात असे चालून राह्यले होते की मले वाटलं, मालकानंच सांगतलं असन. मंग मी बी चुलीवरचा चहा उतरवला अन् लागलो दोर गुंडाळाले.”

आम्ही टेकडीवरून उतरलो तेव्हा कॅम्प नव्हता. मैदानावर अकरा सतरंज्या ओळीने अंथरलेल्या होत्या, प्रत्येकीवर ज्याचे त्याचे सामान, घडी केलेले कपडे, चपलांचे जोड, टोकाला घडी घातलेला तंबू आणि त्यावर दोराचे वेटोळे. सहाव्या सतरंजीवर अकोल्याचे निवृत्त पोस्टमास्तर टेकडीवर न येता झोपले होते, ते अजून झोपलेलेच होते. त्यांच्या भोवतालचा तंबू त्यांना कळूही न देता काढून घेण्यात आला होता आणि पांघरूण मात्र खांद्यापर्यंत व्यवस्थित ओढून दिलेले होते. त्यांच्या पत्नीने किंकाळी फोडली तेव्हा ते जागे झाले आणि आकाशाकडे बघून म्हणाले, “स्टेशन आलं का?”

मग एकच गलका झाला. मालक डोक्याला हात लावून धावले. “काका, हे काय करून ठेवलं तुम्ही? बारा वाजता जळगावची पार्टी कॅम्प पाहाले येऊन राह्यली! मी त्याइले काय दाखवू, सतरंज्या?”

“सामान पाहून घ्या,” साडू अभिमानाने म्हणाले, “एक चमचा इकडचा तिकडं असन तं माहे कान धरा.”

“सामानाचं नाही हो काका, तंबूचं विचारून राह्यलो! सोडले काऊन?”

साडूंनी एकवार मालकांकडे पाहिले, एकवार आमच्या घोळक्याकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “कोनी दिसलं नाई,” ते म्हणाले. “मले वाटलं, गेले सारे.”

त्यांची मुलगी सर्वांत शेवटी उतरली, कारण ती वर वाट पाहत थांबली होती. आपल्या छोट्या लेकीचे बोट धरून ती पायवाटेने आली आणि मोकळ्या मैदानाकडे बघत उभी राहिली. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “बाबा, मी अजून गेले नव्हते.”

या वाक्याचा अर्थ जमलेल्या चाळीस माणसांपैकी आम्हा पाच जणांनाच कळला. तो नमूद करणे भाग आहे. तिचे लग्न नांदुऱ्याला याच शामियान्याखाली लागले. त्याच तिथीला पलीकडच्या गावात सायंकाळचे लग्न होते आणि साडूंनी त्यांना शब्द दिलेला होता. मुलीची पाठवणी निघाली. मेहुणी रडत होती, बायका तिला सावरत होत्या, मुलगी गाडीत बसली, पुन्हा उतरली, इकडेतिकडे बघू लागली. कोणीतरी ओरडले, “पोरीचे बाबा कुठं हायेत?” गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ते शिडीवर उभे राहून छताचा दोर सोडत होते. गाडी वळणावर गेली तेव्हा मुलीने काचेतून मागे पाहिले, तर ज्याच्याखाली ती दोन घटका आधी उभी होती तो मंडप अर्धा जमिनीवर आलेला होता. माझी पत्नी त्या गाडीत पाठराखीण होती, म्हणून हे मला माहीत आहे. दिलेला शब्द पाळला गेला, पलीकडचे लग्न वेळेवर लागले, आणि त्या दिवसाविषयी त्या घरात पुन्हा कोणी बोलले नाही.

साडूंनी खुंट्यांची पेटी उचलली आणि तंबू उभे करायला घेतले. मालकांची मुले मदतीला आली, तर त्यांनी हातानेच त्यांना दूर केले. पहिला तंबू त्यांनी मुलीचा उभा केला. जळगावची पार्टी येण्याच्या आत अकराही तंबू उभे होते आणि सर्व खुंट्या तंबूंकडे पाठ करून होत्या. दुपारी पोस्टमास्तर आपल्या तंबूत पुन्हा झोपले व आजवर अशी झोप लागली नव्हती असे म्हणाले. ही साक्ष मी पूर्ण धरतो. परंतु तोवर कोणीतरी उघड्यावर झोपलेल्या पोस्टमास्तरांचा फोटो मोबाईलवर फिरवला होता आणि ‘तुमच्याकडे पाहुण्यांच्या अंगावरून तंबू काढतात का?’ अशी विचारणा मालकांकडे सुरू झाली होती. त्यांनी रजिस्टरमध्ये साडूंच्या नावापुढे तांबड्या शाईने शेरा लिहिला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही लिहिला असता.

यंदा जावईबापूंनी पुन्हा त्याच कॅम्पवर सोय करायला घेतली, कारण नातवंडांचा तोच हट्ट आहे. मालकांनी कळविले, सर्वांनी यावे, काकांनी येऊ नये, फार तर एक पान लेखी हमी पाठवावी, मग पाहू. मुलगी फोनवर म्हणाली, मग आम्हीही जात नाही. साडूंनीच तिची समजूत घातली : “लेकरं खट्टू होतीन. तुमी जा. मी फाटकावर येऊन भेटून जाईन.” आणि दुसऱ्या दिवशी ते बसने मोताळ्याला येऊन, पक्षकार बसतात त्या स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते.

“साडभाऊ, एक अर्ज लिहून द्या.”

“कोणत्या साहेबांना?”

“साहेब नाई. त्या कॅम्पवाल्या पोराले.”

मी कागद घेतला आणि माझ्या पद्धतीने सुरुवात केली. ग्राहकाचे हक्क, वयोवृद्ध नागरिकाचा अवमान, तंबूंची मूळची सदोष उभारणी. बाजू चांगली बळकट होत होती. वाचून दाखवले तेव्हा साडूंनी मान हलवली. “दमदाटी नका लिहू. पोराचं काई चुकलं नाई.” मी त्यांना समजावले की सामनेवाल्याची चूक दाखविल्याशिवाय अर्ज उभा राहत नाही. ते म्हणाले, “मंग माही लिहा.” अर्जदाराचीच चूक लिहून अर्जदाराच्या बाजूने न्याय मागणारा अर्ज मी आजवर लिहिला नव्हता. चार कागद फाडले. त्यांनी सांगितले तसा, त्यांच्याच अटींवर, तो शेवटी पुढीलप्रमाणे झाला.

अर्जदार कबूल करतात की त्यांनी पाहुणे असताना तंबू सोडले. त्यांना वेगळा तंबू नको. मुलीच्या तंबूबाहेर सतरंजीवर ते बसून राहतील. सूर्योदयाला सांगतील त्या टेकडीवर, सांगतील त्या खडकावर येतील. कोणत्याही दोरास, खुंटीस व गाठीस, ती कितीही चुकीची असली तरी, हात लावणार नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगी निघेल तेव्हा ते तिच्या गाडीजवळ उभे राहतील आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तेथून हलणार नाहीत. ही शेवटची अट सामनेवाल्यांनी मागितलेली नाही. अर्जदारांनी स्वतःहून घालावयास लावली आहे आणि तिच्याखाली दोन वेळा सही केली आहे.

सबब सामनेवाल्यांस नम्र विनंती की, वरील बाबींचा विचार होऊन प्रवेशबंदी उठवावी, आणि होकार असो वा नकार, उत्तर सुटीपूर्वी लेखी मिळावे. उत्तर अर्जदारांच्या नांदुऱ्याच्या पत्त्यावर न पाठविता कृपया माझ्याकडे पाठवावे. नकार असल्यास तो त्यांना कोणत्या शब्दांत सांगावा, हे ठरवायला मला थोडे दिवस लागतील.